जिथे वाट सोडली तिथे

मंगळवार, दुपार

ताई,

हे पत्र तुला पाठवायचं नाहीये, म्हणून बिनधास्त लिहितोय. सायकलची शर्यत सुटायच्या आधी तू सगळ्यांसमोर सांगितलंस ना, की नियमांचं काम या वर्षी माझ्याकडे आहे आणि माझा भाऊ भाग घेतोय, तेव्हा शर्यत बंद होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोलणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मनात म्हटलं, तसेही दोन वर्षं कुठे बोलतोय.

मी सध्या काचांच्या खोलीत आहे. खोली कसली, एका काचवाल्याच्या दुकानामागचं गोदाम. तिन्ही भिंतींना काचा उभ्या टेकवून ठेवल्यात, एकीमागे एक, मध्ये कागद. उरलेल्या जागेत खाट आणि खाटेवर मी. कूस बदलायची तरी आधी विचार करावा लागतो. काकूंनी काल आल्या आल्याच बजावलं, "पाय पसरू नकोस रे बाबा, ती उजवीकडची बँकेच्या दाराची आहे." माझ्यासारख्याला असं सांगणं म्हणजे. तू मला भिंगरी म्हणायचीस. भिंगरी खोक्यात घालून वरून कापूस कोंबलाय असं समज.

काका काच कापतात ते मात्र बघत राहावं. हिरकणीने एक रेघ ओढायची, चर्र आवाज येतो, मग टेबलाच्या काठावर धरून हलकेच दाबायचं, की काच बरोबर त्या रेघेवर सुटते. मी विचारलं, चुकत नाही कधी? म्हणाले, चुकते की, मग तिची फोटोची काच होते. आज सकाळी मी कोपऱ्यातले तुकडे बघत बसलो होतो. किती फोटो पुरतील देव जाणे.

भरकटलो. झालं असं की काल मला ऊन लागलं. घाटाच्या पायथ्याला तो लांबलचक सरळ रस्ता आहे, झाड नाही, टपरी नाही, तिथे डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकलसकट रस्त्याखालच्या मोरीत गेलो. गुडघा दगडावर. फोनचा चुरा. काका टेम्पो घेऊन चालले होते, त्यांनी मला उचललं, सायकल उचलली आणि घरी आणलं. इथल्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि दोन दिवस हलू नको म्हणाले. डॉक्टर चालतो नियमात. ते तू सांगायची गरज नाही.

काकूंना नियम समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, काकू, आपलं सामान आपण वाहायचं. दुकानात जे कुणालाही मिळतं तेच घ्यायचं. घरच्यांची मदत नाही, मित्रांची नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाने आपल्या एकट्यासाठी मुद्दाम काही केलं तर तेही नाही. कुणाच्या गाडीत बसायचं नाही.

"आणि पडलास तर?"

म्हटलं, उठायचं.

"उठता नाही आलं तर?"

म्हटलं, मग दवाखान्यात न्या. पण बरं वाटलं की जिथे वाट सोडली तिथेच परत जायचं, आपल्या पायांनी, आणि तिथून पुढे निघायचं.

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आईबाप आहेत ना रे तुझे?"

त्यांनी स्वतःच्या फोनवर शर्यतीचं पान शोधून काढलंय. नकाशावर आम्हा सगळ्यांचे ठिपके. माझा ठिपका त्यांच्या घरावर आहे याचा त्यांना कोण अभिमान. शेजारीपाजारी येऊन बघून जातात. काल मी तिसरा होतो. एका आजोबांनी खिडकीतून हात घालून माझ्याशी हस्तांदोलन केलं.

तू पण तो ठिपका बघत असशील. दिवसभर तेच काम तुझं.

दोन वर्षांपूर्वी याच घाटात मी सुपाचा थर्मास आणि कोरडे मोजे घेऊन उभा होतो, आठवतं? धुकं होतं. तेव्हा शर्यतीत तू होतीस. तू आलीस, मी हाक मारली, आणि तू मान वळवली नाहीस. रस्त्याकडेच्या दगडाकडे तरी माणूस बघतो. त्यानंतर तू फोन केलेस असं आई म्हणाली. माझा फोन लागत नव्हता. म्हणजे मी लागू देत नव्हतो. असो.

फोन फुटल्यामुळे तुमच्या ऑफिसला काही कळवता आलेलं नाही. काचवाल्याच्या घरात फुटकी काच घेऊन बसलोय आणि नेमकी तीच त्याला बदलता येत नाही.

तुझा,
भिंगरी

बुधवार, सकाळ

ताई,

काल एक वाक्य चुकीचं लिहिलं. काकूंचा फोन बाहेरच्या फडताळात असतो, मागितला तर देतील. ऑफिसचा नंबर माझ्या टोपीवरच छापलेला आहे. तेव्हा कळवता आलं नाही असं नाही.

आता सरळ लिहितो. मी पडलो घाटाच्या अलीकडे. काकांचं घर घाटाच्या पलीकडे. मधला अख्खा घाट मी टेम्पोत आडवा पडून केला. शुद्ध आली तेव्हा उतार लागला होता. आणि ठिपक्याची ती डबी, जी आम्ही सायकलला बांधतो, ती काचांवर टाकायच्या गोधड्यांखाली गेली होती, वर पत्र्याचं छप्पर. तिला आभाळच दिसलं नाही. म्हणजे नकाशावर माझा ठिपका घाटाच्या अलीकडे विझला आणि पलीकडे उगवला. त्या घाटात निम्म्या लोकांचे ठिपके विझतात. कुणाला काही वाटलं नाही. नाहीतर टेम्पोचा वेग बघून तू दोन मिनिटांत मला पकडलं असतंस.

मी सोमवारी ठरवलं होतं, दुपारी बरं वाटलं की कळवू. मग म्हटलं संध्याकाळी. मग शेजारचे आजोबा आले हस्तांदोलन करायला.

सोमवारीच संध्याकाळी एक बाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, पन्नाशीच्या असतील, लाल जर्सी घालतात, चढावर जुनी गाणी म्हणतात. तू ओळखतेस. त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटं घ्यायची होती, तिथे कळलं की एक सायकलवाला इथे पडलाय, म्हणून बघायला आल्या. आत नाही आल्या, दारातूनच बोलल्या. मी काही लागतं का विचारणार नाही हं, म्हणाल्या, नियम आहे. आणि हसल्या.

मग म्हणाल्या, "तू मला मागे कधी टाकलंस रे? सकाळी घाट चढायला लागले तेव्हा तर तू मागे होतास."

मी म्हटलं, तुम्ही थांबला असाल कुठे.

"नळावर थांबले होते एकदा. पण मला वाटलं पाच मिनिटंच थांबले." त्या हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिल्या. "म्हणजे उभ्या उभ्या झोप लागली असणार. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा दरीच्या अंगाला गेले होते मी. बरं झालं तू सांगितलंस."

मी काही सांगितलंच नव्हतं, ताई. मी फक्त नाही म्हणालो नाही.

त्या गेल्यावर काकूंनी फोन दाखवला. डॉक्टरीणबाईंचा ठिपका मागे वळून गावाच्या अलीकडच्या बागेत जाऊन थांबला. डोकं ठिकाणावर नाही असं समजून त्या तिथे झोपल्या. मध्ये दोघं जण त्यांना ओलांडून गेले. काकू म्हणत होत्या, बघ, तू अजून त्यांच्या पुढेच आहेस. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. भिंत म्हणजे काच. काचेपलीकडे काच.

तुला वाटेल मग उठ आणि फोन कर. सोपं आहे. पण ऐक. ही शर्यत मी पूर्ण केली तर शेवटच्या रेषेवर तू उभी असणार. नियमाप्रमाणे प्रत्येकाशी हात मिळवायचा असतो तुला. म्हणजे तुला माझ्याकडे बघावंच लागलं असतं. मी एवढ्यासाठी नाव नोंदवलं होतं. आता कळवलं तर मागे जावं लागणार, घाट उलटा चढून खाली उतरायचा आणि तिथून पुन्हा चढायचा, या गुडघ्याने. शनिवारी सूर्य मावळला की शर्यत बंद. मी तेव्हा कुठेतरी घाटात असेन. रेषेवर तू हात मिळवून, फलक गुंडाळून घरी गेलेली असशील.

पुढे गेलो तर तुझ्याशी खोटा हात मिळवायचा. मागे गेलो तर हातच नाही. आणि इथेच राहिलो तर काकू पेज पाजतात.

अजून एक. काल मी झोपलो असताना काकांनी माझी सायकल धुतली, वाकडा झालेला मागचा गिअर सरळ केला आणि नवा टायर बसवला. मी म्हटलं, काका, अहो, जुना कुठेय, जुनाच लावा. ते मला टेम्पोपाशी घेऊन गेले. जुन्या टायरच्या पट्ट्या कापून त्यांनी काचा ठेवायच्या चौकटीला आतून ठोकल्यात. "बघ काय फिट बसलाय," म्हणाले, "काचेला धक्का म्हणून लागणार नाही." इतके खूश होते की मला पण छान म्हणावं लागलं.

गुरुवार, दुपार

ताई,

मागची दोन पत्रं तुला मिळणार आहेत. मी टाकली नाहीत. काकूंनी टाकली.

मी ती घडी घालून उशाखाली ठेवायचो. वर सवयीने तुझा पत्ता लिहिला होता, म्हणजे पत्रासारखं वाटावं म्हणून. सकाळी काकू चादर बदलायला आल्या. त्यांनी पाकिटं आणली, तिकिटं लावली आणि चौकातल्या पेटीत टाकून आल्या. मग मला सांगितलं, "तुझं एक काम करून टाकलं बघ." मी पेटीपर्यंत लंगडत गेलो. ती लोखंडी आहे. तिच्यात हात जात नाही, मी घालून बघितला, एक शाळेतली मुलगी उभी राहून बघत होती.

काकूंना ओरडणार कसा? एका अंध माणसाला रस्ता ओलांडून द्यावा आणि त्याने म्हणावं मला पलीकडे जायचंच नव्हतं, तसं झालंय माझं. फरक एवढाच की मी बोलतपण नाही.

आता माझी अडचण बघ. परवाच फोन केला असता तर मी आपण होऊन कळवलं असं झालं असतं. आता पत्र तुझ्याकडे निघालंय. आता मी कळवलं काय, नाही कळवलं काय, दोन्हीकडून पकडलेलाच. प्रामाणिक व्हायची पण वेळ असते, ती उशाखाली राहिली.

पत्रं तुझ्या हातात पडायच्या आत तरी मला बोललं पाहिजे. म्हणून जेवताना मी काका-काकूंना सगळं सांगितलं. मला मागे जायचंय, जिथून तुम्ही उचललंत तिथे.

काका लगेच हात धुवायला उठले. म्हणाले, चल, एवढंच ना, तासाभरात सोडतो. टेम्पो रिकामाच आहे.

मी म्हटलं, नाही काका. टेम्पोत नाही बसता येणार.

"अरे, आणला मीच ना टेम्पोतून? मग मीच परत नेऊन ठेवतो. हिशेब मिटला."

मी म्हटलं, तसं चालत नाही. आपल्याच पायांनी जावं लागतं.

"कोण बघतंय?"

काकूंनी वाढायचं थांबवलं.

"त्या उन्हात तुला तसाच ठेवायला हवा होता का मी?" काका म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तू म्हणतोस त्याचा अर्थ तोच होतो. मी चूक केली."

ते हात पुसून दुकानात गेले आणि मग हिरकणीचा चर्र आवाज यायला लागला, एकसारखा, एवढं काय कापत होते कोण जाणे. दारात मला त्यांचा चेहरा दिसला होता. तो चेहरा मला आतून चांगला माहीत आहे, ताई, घाटात थर्मास धरून उभं राहिल्यावर जो होतो तो. बाहेरून कधी पाहिला नव्हता. तू पाहिलास. नाही म्हटलं तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलाच असशील, आणि तरी पेडल मारत राहिलीस. कसं जमलं तुला? मी तर हातातला घास खाली ठेवून बसलो.

तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. अजूनही म्हणत नाही. मान वळवायला कुठला नियम आडवा येत होता, सांग.

काकूंचा फोन माझ्या मांडीवर आहे. हे पत्र मी खिशात ठेवतोय, काकू लांब आहेत.

रविवार, सकाळ

ताई,

गुरुवारी फोनवर काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहितो, कारण माझ्या बाजूने ते कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही.

तू म्हणालीस, "नियम विभाग, बोला." मी पाठीवरचा नंबर सांगितला, नाव सांगितलं नाही. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग तू म्हणालीस, "काय कळवायचंय तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहो-जाहो केलंस. मला आधी हसूच आलं, मग नाही आलं.

मी सगळं सांगितलं. घाट टेम्पोतून झाला. सरळ केलेला गिअर, नवा टायर. तू विचारलंस जुना टायर कुठे आहे, मी सांगितलं काचांच्या चौकटीला आहे. तू म्हणालीस, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा पलीकडे कोणीतरी फोनवर हात ठेवला.

मग तू विचारलंस मदत मागितली होती का. मी म्हटलं, नाही, पण कळवायला तीन दिवस लावले, ते माझे. आणि लाल जर्सीवाल्या डॉक्टरीणबाईंना कृपा करून सांगा की त्या झोपल्या नव्हत्या, त्यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. आणि तुमच्या घरच्या पत्त्यावर दोन पाकिटं येतील, ती शर्यत बंद होईपर्यंत उघडू नका.

"नोंद केली," तू म्हणालीस. "मूळ जागी स्वतः परत गेलात तर शर्यतीत राहाल. टायरचा दंड वेळेत धरला जाईल. पण तुम्ही मुदतीत पोचणार नाही."

म्हटलं, माहीत आहे.

मी ठेवणार होतो. तू म्हणालीस, "गुडघ्याला सूज आहे का?"

ते तू वेगळ्याच आवाजात विचारलंस. घरच्या. आणि मी काय बोललो ते मला अजून कळत नाही. मी म्हटलं, "हा नियमातला प्रश्न आहे का, मॅडम?"

तू म्हणालीस, "नाही."

"मग उत्तर नाही देता येणार."

त्यावर तू फोन ठेवलास. की मी ठेवला. काकू बाजूला उभ्या होत्या, म्हणाल्या, कोण होती रे ती, रडवलं तुला.

शुक्रवारी निघालो. काका दुकानातून बाहेर आले नाहीत. काकूंनी डबा पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. म्हणाल्या, नाही देत, जा. आणि पदराने डोळे पुसायच्याऐवजी त्याच डब्याचं झाकण पुसत बसल्या. मी वळून बघितलं, ताई. चांगला वळून, सायकल थांबवून, वळणापर्यंत हात हलवला. त्याने काही बिघडलं नाही. शर्यत होती तिथेच होती.

घाट उलट्या बाजूने फार वाईट आहे. एका पायाने चढलो, उतरलो ते दोन्ही ब्रेक दाबून, निम्मा रस्ता सायकल हातात धरून. वर तो नळ आहे, डॉक्टरीणबाईंचा. मी तिथे उगाच बसून राहिलो, एक कावळा तोटीतून थेंब थेंब पाणी पीत होता, त्याला बघत. तू म्हणशील तेव्हाच उठला असतास तर. तरी मुदतीत रेषेपर्यंत नसतो पोचलो. खरंच नसतो.

काल मोरीपाशी आलो. दगडावर माझ्या फोनच्या काचेचा चुरा अजून होता, म्हणून जागा नक्की सापडली. सायकल तिथे उभी केली, तोंड परत घाटाकडे वळवलं, आणि सूर्य गेला. एवढंच. ना शिट्टी, ना कोणी. माझा ठिपका तुमच्या नकाशावरून पुसला गेला असेल.

रात्र पुढच्या एसटी-थांब्याच्या बाकावर काढली. आता एक दूधवाला पलीकडच्या गावाला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र आणि खिशातलं गुरुवारचं देतोय. गाडीत बस म्हणत होता, मी नको म्हटलं. शर्यत नसली तरी हा घाट मला सायकलवरच करायचाय. पण आज नाही होणार तो. उद्याही होईल असं वाटत नाही. मोरीच्या या बाजूला मी आहे, पुढे घाट आहे, मागे तो सरळ रस्ता, आणि पाय वाकत नाही.

शर्यत बंद झालेली आहे. तुम्ही विचारलं होतं, मॅडम, तर आता सांगायला हरकत नाही. सूज आहे. खूप आहे, ताई, आणि दुखतंय.